२००७चं जुनं कॅबिनेट घरात आहे, त्यातच नवा पीसी बसवू का? बजेट ४० हजार

माणिकबागवाली:

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण स्वतः पीसी जोडणारे आहेत म्हणून विचारतेय. घरात सध्या एकच लॅपटॉप आहे, तो एकदा मुलाच्या हातात गेला की रात्रीच्या जेवणापर्यंत परत मिळत नाही. मी घरून चार-पाच जणांचे हिशोब बघते, टॅली आणि एक्सेल, शिवाय सासूबाईंचं रेसिपीचं चॅनल आहे त्याचे व्हिडिओ मीच कापते, मोबाइलवर शूट केलेले १०८०पी, इफेक्ट वगैरे काही नाही, फक्त फोडणी जळाली तेवढा भाग काढायचा. मुलगा आठवीत, त्याला माइनक्राफ्ट चाललं म्हणजे झालं, निदान या वर्षी तरी. बजेट ४० हजार, मॉनिटर-कीबोर्ड-माउस सोडून, ते आहेत.

पुण्यात टिळक रोडला एका दुकानातून कोटेशन आणलं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम, ५१२ची एसएसडी आणि समोरून काच असलेलं 'गेमिंग कॅबिनेट', तीन रंगीत पंखे, त्यात एसएमपीएस (आतल्या सगळ्याला वीज देणारा डबा) फ्री. कॅबिनेटचे ४,८०० लावलेत. सगळे मिळून ४१,५००.

आता गंमत अशी की सासऱ्यांनी कोटेशन बघितलं आणि पहिला प्रश्न, "डब्याचे पाच हजार?" माळ्यावर त्यांचं २००७ साली घेतलेलं कोअर टू डुओचं कॅबिनेट आहे, पत्रा इतका जाड की खाली काढताना नवरा आणि मी दोघं लागलो. आतला बोर्ड कधीच गेलाय. सासरे म्हणतात त्या डब्याला काय धाड भरलीय, आतलं नवीन घाला की. दुकानदार म्हणाला मॅडम त्यात नवीन बोर्ड बसत नाही. कोण खरं बोलतंय? आणि बसत असेल तर जुनं वापरण्यात शहाणपणा आहे की उगाच चार पैशांसाठी ३५ हजारांचा माल धोक्यात घालतेय मी?

जम्पर_सेटिंग:

ताई, सासरे खरं बोलतायत. एटीएक्स नावाचं माप इंटेलने १९९५मध्ये आणलं आणि बोर्डाची स्क्रूची भोकं, मागची पोर्टची खिडकी, एसएमपीएसचा आकार हे सगळं तेव्हापासून आजतागायत तेच आहे. तुमचा ए५२० बोर्ड बहुधा मायक्रो एटीएक्स असेल, तो जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिमी, आणि पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४, म्हणजे मोठ्या पातेल्यात छोटं भांडं ठेवल्यासारखं आहे, बसणारच. दुकानदाराला कॅबिनेट खपवायचंय, त्याचंही बरोबर आहे त्याच्या जागी.

फक्त काही ठिकाणी हात अडकतो ते आधीच सांगतो. मागची पोर्टची पत्र्याची पट्टी, आयओ शील्ड म्हणतात ती, नव्या बोर्डासोबत नवी येते, जुनी आतून दाबून काढायची. पण तेव्हाच्या काही स्वस्त डब्यांत ती पट्टी सुटी नसून डब्याच्याच पत्र्यात पंच केलेली असायची, तुमची सुटी आहे का बघा, नसेल तर कटर आणावा लागेल. दुसरं, बोर्डाच्या खाली पितळेच्या उंच नट्या असतात, स्टँडऑफ. जुन्या बोर्डाच्या जागी लावलेल्या नट्यांपैकी ज्या नव्या बोर्डाच्या भोकाखाली येत नाहीत त्या काढून टाकायच्याच, आळस करायचा नाही, एखादी राहिली की ती बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकते आणि शॉर्ट.

तिसरं, समोरच्या बटणांच्या वायरी. पॉवर स्विच आणि रीसेटचे दोन-दोन पिनचे टोपण असतात, ते अजून तसेच आहेत, लागतात. पण पॉवर एलईडीचं टोपण जुन्या डब्यात तीन पिनचं असतं, मधली रिकामी, आणि नव्या बोर्डावर जागा दोन पिनची. घाबरायचं नाही, टोपणाच्या बाजूला प्लास्टिकची बारीक जीभ असते ती सुईने जरा उचलली की वायर मागून सुटून येते, ती मधल्या घरात सरकवायची. पाच मिनिटांचं काम आहे, चष्मा लावून. समोरच्या यूएसबीची वायर मात्र नीट बघा. एकसंध टोपण असेल तर ठीक, पण त्या काळात काही डब्यांत चार-चार सुट्या वायरी यायच्या, प्रत्येकीला वेगळं टोपण, त्या उलटसुलट लागल्या तर पेनड्राइव्ह जळतो नाहीतर पोर्ट. सुट्या असतील तर सरळ लावूच नका, मागच्या पोर्टला एक एक्स्टेन्शन लावून टेबलवर आणा आणि विषय संपवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबा जुना चालेल, पण त्यातला जुना एसएमपीएस अजिबात नाही. दुकानवाला देतोय तो 'फ्री'वालासुद्धा नाही. त्यावर नंतर बोलू, आधी डबा उघडून मापं टाका. मागे पंख्याची जाळी असेल, तिच्या शेजारशेजारच्या दोन स्क्रूभोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. ७१.५ मिमी आलं तर पंखा ८०चा, ८२.५ आलं तर ९२चा, १०५ आलं तर १२०चा. समोरून हवा आत यायला जागा कुठे आहे तेही बघा.

तर्री_जास्त:

एवढा उद्योग कशाला, २०-२२ हजारात ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या, आय५ आठवी जनरेशन, १६ जीबी, चकाचक. टॅलीला काय रॉकेट लागतंय का

जम्पर_सेटिंग:

तर्री भाऊ, नुसत्या टॅलीसाठी असतं तर मीही हेच म्हणालो असतो, आठवी जनरेशन म्हणालास तेही बरोबर, त्याच्या आधीचे बहुतेक इंटेल विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. पण त्या ऑफिसवाल्या मशीनचा एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, कनेक्टरसुद्धा वेगळे, उद्या एसएमपीएस गेला तर बाजारातला लागत नाही, तसाच जुना शोधत फिरा. आणि मुलगा आठवीत आहे, दहावीपर्यंत 'आई ग्राफिक कार्ड' येणार म्हणजे येणार. त्या चपट्या डब्यात कार्डसुद्धा अर्ध्या उंचीचं लागतं.

तर्री_जास्त:

मान्य. पण माझा अडीच वर्षं चालतोय हां, सांगून ठेवतो

काचेतला_मासा:

ताई ते समोरून काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका एवढंच सांगायला लॉगिन केलं. मी घेतलं होतं तेव्हा दोन वर्षांपूर्वी, असंच तीन पंखे, रिमोटने रंग बदलणारं, पहिले आठ दिवस खोलीतला दिवा बंद करून बघत बसायचो. समोर अख्खी काच म्हणजे पंखे हवा ओढणार कुठून, तर काचेच्या कडेला बोटभर फट असते तेवढ्यातून. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ३९-४०, माझी खोली वरच्या मजल्याची, स्लॅब तापलेला, गेम लावला की प्रोसेसर ९० डिग्रीच्या वर आणि पंख्यांचा आवाज असा की आई स्वयंपाकघरातून विचारायची मिक्सर कोणी लावलाय. शेवटी बाजूची काच काढून ठेवली आणि टेबल फॅन लावला समोर. मग धूळ. आमच्याकडे शेजारी बिल्डिंगचं काम चालू होतं, दीड महिन्यात पंख्याच्या पात्यांवर गोधडी.

आणि ते रंगीत पंखे बोर्डाला लागतच नाहीत, थेट एसएमपीएसच्या चार पिनच्या मोलेक्सला लागतात, म्हणजे स्पीड कमीजास्त होत नाही, चोवीस तास एकाच सुरात. नवीनच घ्यायचं असेल तर समोर जाळी असलेलं घ्या, साधं, काळं, मायक्रो एटीएक्सवालं, तीनेक हजाराच्या आसपास बरी मिळतात. काच एका बाजूला असली तर असू दे, समोर नको.

माणिकबागवाली:

बाप रे, केवढी माहिती, सगळ्यांचे आभार. काल रात्री डबा गॅलरीत नेऊन उघडला. आत झुरळाचं एक आख्खं कुटुंब (दिवंगत) आणि २०११चं विजेचं बिल सापडलं. पुसून घेतला, पत्र्याला गंज कुठेही नाही, फक्त तळाला एका कोपऱ्यात.

मापं: मागची जाळी ७१.५ आली, म्हणजे ८०चा पंखा. आयओ शील्ड सुटी आहे, अंगठ्याने दाबल्यावर टण्ण करून निघाली. समोरच्या यूएसबीच्या वायरी सुट्या आहेत, आठ टोपणं, त्या मी तुमच्या सांगण्यावरून तशाच गुंडाळून ठेवते. समोरून हवा यायला काही म्हणजे काही नाही, खाली बोटभर फट आहे फक्त, बाकी सगळं प्लास्टिक आणि डीव्हीडीचे चार खण, वरच्यात रायटर आहे, खालचे तीन झाकलेले. एसएमपीएसची जागा वर आहे, खाली नाही.

आणि दुकानात परत जाऊन त्या फ्रीवाल्या एसएमपीएसचा फोटो काढून आणला. वर मोठ्या अक्षरात ४५०. खाली तक्त्यात +१२व्ही च्या खाली १६ए लिहिलंय. याचा अर्थ काय?

जम्पर_सेटिंग:

फोटो काढून आणलात, शाब्बास. बारा गुणिले सोळा करा. १९२. म्हणजे त्या डब्यावर ४५० कितीही मोठ्या अक्षरात लिहू द्या, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ज्या १२ व्होल्टवर चालतात तिथे तो स्वतःच्याच लेबलप्रमाणे १९२ वॉट देतो. आणि अशांची लेबलंही फार मनावर घ्यायची नसतात. नीट ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३५-३६ अँपिअर लिहिलेले असतात, गुणाकार करून बघा. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असतो तो) चांगल्या कंपनीचा घ्या, तीन-साडेतीन हजार, वॉरंटी पाच वर्षांची बघून. तुमचा ५६००जी ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, अख्खं मशीन जोर लावूनही दीडशेच्या आत राहील, म्हणजे आज ४५० खूप झाले, पण उद्या कार्ड टाकलं तरी हाच चालेल. मुलाने फार हट्ट केला तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं कार्ड येतं, ते ७० वॉट खातं आणि त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही, स्लॉटमधूनच घेतं.

एसएमपीएस वर असणं हे तुमच्या बाबतीत उलट सोयीचं. नव्या डब्यांत तो तळाला असतो म्हणून प्रोसेसरची ८ पिनची केबल बोर्डाच्या मागून फिरवून वरच्या कोपऱ्यात न्यावी लागते, जुन्या डब्यात मागे वायर फिरवायला जागाच नसते. तुमच्याकडे एसएमपीएस त्या कोपऱ्याच्या वीतभर अंतरावर आहे. केबल सरळ खाली सोडा. दिसायला गचाळ दिसेल, पण काचच नाही तर बघणार कोण.

हवेचं सांगतो. ते तीन झाकलेले खण काढून टाका. तीन खणांची मिळून उंची साधारण १२४ मिमी होते आणि रुंदी १४६, म्हणजे १२० मिमीचा पंखा त्यात आरामात उभा राहतो. बाजारात त्यासाठी पट्ट्या मिळतात, नाही मिळाल्या तर अॅल्युमिनियमच्या दोन एल-पट्ट्या कापून भोकं पाडा. तो हवा आत ढकलेल, मागचा ८०चा बाहेर. प्रोसेसरसोबत येणारा कूलर बुटका आहे, ५४ मिमी, त्याला उंचीचा प्रश्नच नाही.

आता माझा खरा आक्षेप कोटेशनमधल्या रॅमला आहे. ८ची एक काडी घेऊ नका. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे, त्याला स्वतःची मेमरी नाही, तो तुमच्या रॅममधूनच उसनी घेतो, आणि एक काडी म्हणजे एकच रस्ता, सगळी वाहतूक त्यावरून. दोन काड्या लावल्या की रस्ता दुप्पट, गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून ८+८ अशा दोन. हो, भाव माहितीये मला, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅम दुपटीच्या वर गेलीय, घेताना जिवावर येतं. पण कॅबिनेटचे ४,८०० वाचतायत ना, ते इथे लावा. हीच तर मजा आहे तुमच्या सासऱ्यांच्या डब्याची. रॅम लावल्यावर विंडोजमध्ये १६ पूर्ण दिसणार नाहीत, ग्राफिक्सने थोडी बाजूला काढलेली असते, त्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

एसएसडी विचारा एनव्हीएमई आहे की साटा. दिसायला दोन्ही च्युइंगगमच्या पट्टीसारख्या, पण साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते आणि एनव्हीएमई जेन ३ (तिसऱ्या पिढीची) साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते. जेन ४ला जास्त पैसे देऊ नका, ए५२०वर ती जेन ३च्याच वेगाने चालते.

काचेतला_मासा:

जम्पर सर, इंटेल आय३ १२१०० का नाही सुचवत? व्हिडिओ एडिटिंगला त्यातलं क्विकसिंक (व्हिडिओ झटपट एक्स्पोर्ट करणारी सोय) मस्त आहे

जम्पर_सेटिंग:

वाईट नाहीये. फक्त व्हिडिओ आणि टॅली असतं तर कदाचित तेच म्हणालो असतो, चार कोअर आठ थ्रेड, पण एकेक कोअर दणकट. इथे सहा कोअर बारा थ्रेड आणि आतलं व्हेगा ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा माइनक्राफ्टला बरंच पुढे, म्हणून ५६००जी. इंटेल घेतलाच तर शेवटी एफ लागलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतं, मग मॉनिटर काळा.

५६००जी ज्या सॉकेटमध्ये बसतो त्या एएम४चं खरं दुखणं हे की ते आता म्हातारं झालंय, पुढे नव्या पिढीचे प्रोसेसर त्याला नाहीत, ते एएम५ला येतात. पण एएम५ला नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम लागते, आणि आत्ताच्या भावात ती या बजेटला परवडणार नाही. बोर्ड घेताना खोक्यावर रायझन ५००० रेडी असा स्टिकर आहे का बघा, नसेल तर दुकानातच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा. ए५२० २०२०चा आहे, ५६००जी २०२१चा, खूप जुना पडून राहिलेला स्टॉक असेल तर प्रोसेसर ओळखत नाही.

रिटायर्ड_वायरमन:

मुलांनो सगळं सांगितलंत, अर्थिंगचं कुणी बोललं नाही. ताई, तुमची सोसायटी किती जुनी? माणिकबागेत ८०-९०च्या दशकातल्या बऱ्याच इमारती आहेत आणि तीन पिनच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात मागे वायरच नाही अशी घरं मी पन्नास बघितलीत. दिसतं तीन पिन, असतं दोन पिन.

का सांगतोय, तर एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात, लाइनमधला कचरा अर्थिंगला सोडायला. अर्थिंग असेल तर ते काम करतात, तुम्हाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर त्या दोघांच्या मधोमध लटकलेली बॉडी निम्म्या व्होल्टेजला जाऊन बसते, २३०चे निम्मे, साधारण ११५. करंट अगदी किरकोळ, माणूस मरत नाही, पण उघडा पत्रा, अनवाणी पाय आणि पावसाळ्यातली फरशी, की चिमटी बसते. नव्या डब्यांना समोरून प्लास्टिक, बाजूला काच, म्हणून लोकांना कळत नाही. तुमच्या डब्याचा रंग जिथे उडालाय तिथे मुलाचा हात लागला की तो ओरडणार, आणि मग सगळे म्हणणार जुना डबा खराब. डबा नाही खराब, भिंत खराब आहे.

टेस्टर लावून बघा, बॉडीवर पेटला तर वायरमन बोलवा. फेज ते अर्थ मीटर लावला की २३०च्या आसपास आलं पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. अर्थ म्हणून न्यूट्रललाच जोडून देणारे महाभाग असतात, तसं करू देऊ नका, न्यूट्रल कधी तुटला तर अख्खा डबा फेजवर. आणि दोन पिनच्या प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका म्हणजे झालं.

तर्री_जास्त:

काका मी आत्ताच टेस्टर लावून बघितला माझ्या रिफर्बिश्डला. पेटला 😐

रिटायर्ड_वायरमन:

चप्पल घालून बस तोपर्यंत.

काचेतला_मासा:

यूपीएस पण घ्या ताई, गुरुवारी लाइट जातेच, आणि न सांगता जाते ती वेगळी. ६०० व्हीएवाला पुरतो तुमच्या मशीनला, तो साधारण ३६० वॉटचा असतो, पाच-दहा मिनिटं मिळतात, टॅली सेव्ह करून बंद करण्याइतपत. आणि दुकानदार 'विंडोज टाकून देतो मॅडम' म्हणाला असेल तर ते फुकटातलं विंडोज लोकांच्या हिशोबाच्या मशीनवर घेऊ नका, कशासोबत काय आलं असेल सांगता येत नाही. लायसन्सचे पैसे वेगळे धरा. बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर टाकून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

जम्पर_सेटिंग:

एक राहिलं. ए५२०चे स्वस्त बोर्ड २४४पेक्षा अरुंद असतात, उजवी कड स्क्रूशिवाय अधांतरी राहते. म्हणून प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी हे सगळं बोर्ड टेबलवर असतानाच लावा, खाली बोर्डाचं खोकं ठेवून. डब्यात बसवल्यावर रॅम दाबायला गेलात तर बोर्ड खाली वाकतो, मग तुम्ही घाबरून अर्धवट दाबता. एसएसडीचा स्क्रू तिळाएवढा असतो, हरवला तर दुसरा मिळता मिळत नाही, वाटीत ठेवा.

माणिकबागवाली:

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, मध्ये जीएसटी रिटर्नच्या तारखा होत्या. झाला पीसी! याच मशीनवरून लिहितेय.

आधी अर्थिंग. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, सॉकेटमागे अर्थची वायर होती पण वरच्या जंक्शनमध्ये नुसती टेप लावून सोडलेली. वायरमनने जोडून दिली, मीटरवर २३४ आले, न्यूट्रल ते अर्थ दीड. घर घेऊन २६ वर्षं झाली, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात म्हणून सासूबाई इतकी वर्षं पायपुसणं टाकून उभ्या राहायच्या.

सामान ५६००जी, ए५२० (स्टिकरवाला), ८+८ दोन काड्या, ५०० जीबी एनव्हीएमई, ४५० ब्राँझ. दुकान तेच, त्याला म्हटलं कॅबिनेट नको, तो म्हणाला मॅडम मग कशात ठेवणार, म्हटलं सासऱ्यांच्या डब्यात. मग त्याने एसएमपीएसमध्ये दोनशे कमी केले, का ते माहीत नाही. पंखे, एल-पट्ट्या आणि सहा स्टँडऑफ तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार). लायसन्स आणि यूपीएसचे पैसे वेगळे.

जोडणी मी आणि सासरे, नवरा फोटो काढायला. सासऱ्यांनी मच्छरदाणीची असते तसली खिडकीची उरलेली जाळी पंख्यासमोर कापून लावली, चारी बाजूंनी दुहेरी टेप, महिन्याने काढून नळाखाली धुता येते. एलईडीची वायर सुईने सरकवली, जीभ तुटली पण बसलीये.

आणि हो, जम्पर, तुम्ही सांगूनही मी एक रॅम डब्यातच लावली. टेबलवर दोन्ही लावल्या होत्या, पण बोर्ड आत घालताना केबल अडली म्हणून एक काढली आणि नंतर परत दाबली, बोर्ड वाकायला लागला तसा हात हलका केला. बटण दाबलं तर पंखे फिरतात, मॉनिटर काळा. माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात डब्यातून जोरात पीं पीं पीं सुरू झालं, थांबेचना. जुन्या डब्यात छोटा स्पीकर होता तो मी दिसला म्हणून बोर्डाला लावून टाकला होता, कशासाठी असतो माहीत नसताना. सासरे म्हणाले हा रॅमचा आवाज आहे, त्यांच्या वेळी असाच यायचा, रबराने घासून परत लावायचे. बंद करून, खाली बोट धरून दाबली, वरची खटकी टक्क करून बसली. पुढच्या वेळी चालू झाला.

अर्धा तास व्हिडिओ एक्स्पोर्ट करून बघितला, ७६ च्या वर गेला नाही, दुपारची वेळ होती. आवाज जवळजवळ नाही, मागचा ८०चा जरा कुरकुरतो.

एकच अडचण. वरच्या खणातला डीव्हीडी रायटर तसाच ठेवलाय कारण त्या खणाला झाकण नाहीये. तो आयडीईचा (जुन्या रुंद केबलवाला) आहे, नव्या बोर्डावर त्याला जागाच नाही, कशालाच जोडलेला नाही. हे मी सासऱ्यांना सांगितलेलं नाही. काल ते कपाटात लग्नाची सीडी शोधत होते.

जम्पर_सेटिंग:

ताई नव्या एसएमपीएसला चार पिनचं मोलेक्स असेल बघा, ते रायटरला लावून द्या, निदान ट्रे उघडेल-मिटेल. सीडी खरंच बघायची असेल तर आयडीई टू यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, तपकीर गल्लीतच विचारा. रायटरच्या मागच्या पिनांवर छोटी टोपी असते, जम्पर, तो मास्टरवर आहे ना ते मात्र बघून घ्या.

माणिकबागवाली:

जम्पर म्हणजे हे होय! मला वाटायचं तुम्ही उड्या मारता म्हणून नाव ठेवलंय 🙈 उद्याच जाते.